देहूचे भंगलेले देऊळ

जीर्णोद्धार हे केवळ दगड-चुन्याचे काम नव्हे, हे श्रीक्षेत्र देहूच्या इतिहासावरून ध्यानात येते.

इ. स. १६३० ते १६३२ या काळात महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. संत तुकाराम महाराजांचा व्यापार बुडाला. पहिली पत्नी अन्नावाचून गेली. अशा विपत्तीत, विठ्ठलाचे भंगलेले देऊळ पुन्हा उभे करावे असे मनात आले, हे महाराजांनी स्वतःच एका अभंगात सांगितले आहे. आरंभी अभ्यासात चित्त लागेना, तेव्हा पूर्वीच्या संतांची वचने त्यांनी विश्वासाने पाठ केली, हेही त्याच अभंगात आहे. मागच्यांचा अनुभव असा नव्या संकटात आधाराला आला.

घरच्या सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते महाराजांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. देवळाबरोबर माणसांचीही भंगलेली घरे सावरली पाहिजेत, हा त्याचा अर्थ.

आजही पाऊस बेभरवशाचा आहे, शेतकऱ्यावर कर्जाचे ओझे आहे. नव्या कळसाखाली जमणाऱ्या ग्रामस्थांनी हरिनामाबरोबर अडल्या घराची विचारपूस केली, तरच दात्यांच्या दानाचे खरे सार्थक होईल.