छपाईयंत्र पाण्यात, अंक भिंतीवर

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील इशिनोमाकी शहरात ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीचे पाणी शिरले आणि 'इशिनोमाकी हिबी शिंबुन' या १९१२ पासून चालत आलेल्या सायंदैनिकाचे छपाईयंत्र निकामी झाले. वीज गेली होती. बातमीदारांनी भिजण्यापासून वाचलेल्या कोऱ्या कागदाच्या रिळातून तुकडे कापले, जाड मार्करने अंक हाताने लिहिला, त्याच्या नकला केल्या आणि निवारा केंद्रांत चिकटवल्या. सलग सहा दिवस दैनिक असेच निघाले. पुढे ते कागद वॉशिंग्टनच्या न्यूझियममध्ये मांडले गेले. या जिद्दीचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र संकटकाळातील पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने पाहावे ते वेगळेच. मोजक्या ओळी मावतील अशा त्या पहिल्या अंकात अचूक माहितीच्या आधारे वागा, असे आवाहन वाचकांना केले होते. यंत्र बुडाले तरी काय छापायचे आणि काय नाही याची त्यांची शिस्त शाबूत होती.

संकटकाळासाठी पत्रकार आणि वृत्तकक्ष घडवण्याच्या या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. क्षेत्र तरुण आहे आणि थोडे विस्कळीतही. त्यातली एक वाट बातमीदाराच्या जिवाची काळजी घेते: दंगलीत कुठे उभे राहायचे, पुराच्या पाण्यात काय टाळायचे. दुसरी मनाची. कोलंबिया विद्यापीठातील डार्ट सेंटरने आघात आणि पत्रकारिता यांच्या नात्यावर मोठे काम केले आहे. मृतांच्या नातेवाइकांशी बोलावे कसे, आणि ते बोलून आलेल्या बातमीदाराला सांभाळावे कसे, हे दोन्ही प्रश्न त्यात येतात. या दोन वाटांवर लेखन भरपूर आहे. तिसरी वाट संस्थेची: संकटात डेस्क कसे चालते, कोण निर्णय घेते, कोण थांबवू शकते. तिच्यावर वर्दळ कमी आहे, आणि माझ्या मते खरे शिक्षण तिथेच व्हायला हवे.

न्यू ऑर्लिन्सच्या 'टाइम्स-पिकायून'चे उदाहरण पाहा. शहर बुडू शकते असा इशारा देणारी लेखमाला या दैनिकाने २००२ मध्येच छापली होती. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ आले आणि दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांना अंक वाटणाऱ्या ट्रकांमध्ये बसून कार्यालय सोडावे लागले. काही बातमीदार मागे वळून बुडत्या शहरात गेले. काही दिवस अंक फक्त इंटरनेटवर निघाला. २००६ मध्ये या कामाला पुलित्झर मिळाले. पण त्याच दिवसांत लोकांनी आसरा घेतलेल्या सुपरडोम आणि कन्व्हेन्शन सेंटरमधल्या खुनांच्या, प्रेतांच्या ढिगांच्या अतिरंजित बातम्या जगभर पसरल्या, आणि त्यांतल्या काही याच दैनिकातही आल्या. महिना उलटायच्या आत त्यांनी स्वतःच तपास करून त्या बहुतांशी निराधार असल्याचे छापले. शूर, जाणकार आणि आधीच सावध असलेल्या वृत्तकक्षातही पडताळणी घसरते. म्हणून ती वैयक्तिक सद्गुणावर सोडून चालत नाही.

आपल्याकडचा धडा जास्त कडू आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली आणि चालू दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद होऊन अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी दाखवण्याची मुभा उरली. सरकारी माहितीवरच विसंबायचे, ही पत्रकारितेच्या दृष्टीने मोठी किंमत आहे. त्या वेळी वाहिनीच्या पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात, 'हे दृश्य काढा' म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे हे आधीच ठरलेले असते, तर ती कदाचित मोजावी लागली नसती.

असा अधिकार सरावातूनच अंगवळणी पडतो. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर करता येईल असा एक सराव सांगतो. संध्याकाळचे साडेसात, पान सोडायला अडीच तास. घाटात बस कोसळली आहे. पोलीस नियंत्रण कक्ष १२ मृत सांगतो, सिव्हिल हॉस्पिटल ९, आणि लोकप्रतिनिधी फोनवर 'चाळीस तरी असतील' म्हणतो. तेवढ्यात ग्रुपवर एक फोटो येतो, जो दुसऱ्याच राज्यातल्या जुन्या अपघाताचा आहे. मग सर्व्हर बंद करायचा आणि गंमत पाहायची. नवखा उपसंपादक हमखास 'मृतांचा आकडा ४० वर जाण्याची भीती' असा मथळा काढतो, कारण त्यात खोटे असे काहीच नाही! तिथे थांबून विचारायचे: ही भीती नेमकी कुणाची? ९ आणि १२ यांतला फरक कुठून आला? रस्त्यात दगावलेल्यांची नोंद रुग्णालयात झाली नसेल का? तासभराची ही झटापट चार व्याख्यानांहून अधिक शिकवते.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने संकटात डेस्क चालवण्याचा सराव सगळ्यांवर एकदम लादला. अंकातून विषाणू पसरतो या भीतीने विक्रेते थांबले, मुंबईत काही दिवस छपाईच बंद राहिली, आणि उपसंपादक स्वयंपाकघरात बसून पाने लावू लागले. तांत्रिक जुळवाजुळव आश्चर्यकारक वेगाने झाली. मात्र रस्त्यावर फिरणाऱ्यांचे काय, हा प्रश्न एप्रिलमध्ये मुंबईत ५० हून अधिक पत्रकार बाधित निघाल्यावर ऐरणीवर आला.

रस्त्यावर फिरणाऱ्यांत सर्वांत दुर्लक्षित तो तालुक्याचा वार्ताहर. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले, तेव्हा गाव जागेवर नाही हे आधी लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. अशा ठिकाणी शहरातून ओबी व्हॅन पोचेपर्यंत जी माहिती बाहेर येते, ती बहुधा गावाची वाट ठाऊक असलेल्या स्थानिक माणसांची आणि वार्ताहराची असते. या वार्ताहराला बातमीमागे मानधन मिळते. विमा नसतो, आणि कार्यशाळेचे निमंत्रण जिल्हा कार्यालयापर्यंतच येते. त्याला न शिकवता वृत्तकक्ष सज्ज झाला म्हणणे ही फसवणूक आहे. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असते की सुरुवात उलट्या टोकाने करा. एखाद्या तालुक्याच्या वार्ताहराबरोबर पावसाळ्यातला एक आठवडा काढा, त्याच्या फोनमध्ये कुणाकुणाचे नंबर आहेत ते पाहा, रेंज गेल्यावर तो बातमी कशी पाठवतो ते विचारा, आणि मग संपादकांच्या बैठकीत जाऊन बसा.