संप्रेरकाचा माग

जॉर्ज बीटसन या स्कॉटिश सर्जनने 1895 साली ग्लासगोत एका तेहतीस वर्षांच्या बाईचे बीजांडकोश काढून टाकले. आजार होता स्तनाचा. आधीच्या शस्त्रक्रियेनंतरही कर्करोग उलटला होता. गाय व्यायल्यावर तिचे बीजांडकोश काढले तर ती जास्त काळ दूध देते, हे पशुपालकांचं ज्ञान बीटसनच्या कानावर आलं होतं. मग स्तन आणि बीजांडकोश यांचं नातं असणारच, असा त्याचा कयास. बाईच्या गाठी विरल्या. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये ही हकीकत छापून आली. हॉर्मोन हे नावही तेव्हा जन्मलं नव्हतं.

पण गुण यायचा तो तिघींतल्या एखादीलाच. 1950च्या दशकात शिकागोत चार्ल्स हगिन्स अधिवृक्क ग्रंथीही काढू लागला, तरी कुणाला फायदा होईल हे कापल्याशिवाय कळत नव्हतं. बाकीच्या बायकांनी एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसली, ती फुकट.

हे दुखणं हेरलं हगिन्सच्याच संस्थेतल्या एल्वूड जेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने. बीजांडकोशातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकावर शरीरातली विकरं काय प्रक्रिया करतात, हे त्या काळी सगळे शोधत होते. जेन्सनने विचारलं, इस्ट्रोजेन जातं कुठे? हर्बर्ट जेकबसनबरोबर त्याने इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजन जोडला आणि अगदी सूक्ष्म मात्रा उंदरांच्या माद्यांना टोचली. इतर अवयवांत ते आलं नि निघून गेलं. गर्भाशयात मात्र टिकून राहिलं, तेही जसंच्या तसं. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. हाच इस्ट्रोजेनचा रिसेप्टर. 1958 मध्ये व्हिएन्नातल्या परिषदेत जेन्सनने हे मांडलं तेव्हा समोर पाच जण होते, त्यातले तिघे त्याच सत्रातले वक्ते!

पुढे त्याने स्तनाच्या गाठी तपासल्या. ज्यांत रिसेप्टर भरपूर, त्यांतल्या निम्म्याहून जास्त संप्रेरक तोडल्यावर आक्रसत. ज्यांत नाही, त्या क्वचितच. ‘कुणाला?’ या प्रश्नाला अखेर उत्तर मिळालं, आणि ते रुग्णाला टेबलावर घेण्याआधी मिळत होतं. माझ्या मते या सगळ्या कथेतलं सर्वांत मोठं पाऊल हेच.

सुरुवातीला या चाचणीला ताज्या, गोठवलेल्या गाठीचा बराच मोठा तुकडा लागे. 1980 मध्ये जेन्सन आणि जेफ्री ग्रीन यांनी रिसेप्टरला चिकटणारी प्रतिपिंडं बनवली. त्या वाटेने आजची पद्धत आली: मेणात बसवलेल्या गाठीचा पातळ काप, आणि रिसेप्टर असलेल्या पेशींची तपकिरी रंगलेली केंद्रकं.

टॅमॉक्सिफेन या औषधाला याच खुणेने दिशा दिली. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसनने 1962 साली घडवलेलं हे रसायन संततिनियमनासाठी अभिप्रेत होतं, आणि त्यात ते नापास झालं. कर्करोगावर मात्र त्याचा गुण दिसला. ते पाच वर्षं घेतल्यावर रिसेप्टर असलेल्या रुग्णांत रोग उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. नसलेल्यांना जवळपास काहीच उपयोग नाही.

हर-टू या जनुकाची गोष्ट उलटी. 1987 मध्ये डेनिस स्लेमनच्या गटाने 189 गाठी पाहिल्या. सुमारे तीस टक्क्यांत या जनुकाच्या जादा प्रती होत्या, आणि त्या स्त्रियांचा आजार लवकर उलटत होता. अशुभाची ही खूणच पुढे औषधाचं लक्ष्य ठरली: 1998 मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला परवानगी मिळाली.

रक्तातल्या सीए 15-3 या खुणेचं काम वेगळं. पसरलेला आजार उपचारांना दाद देतोय का, हे पाहायला ती चाचणी मदत करते. निरोगी बाईने तपासणीच्या पॅकेजात ती करून घेण्यात अर्थ नाही. आणि ज्या गाठींत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर नाहीत, हर-टूही वाढलेलं नाही, त्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’. भारतात त्यांचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. त्यांच्यासाठी बीआरसीए जनुकातले बदल आणि पीडी-एल1 या नव्या खुणा आता तपासल्या जातात.