सातवीनंतरचे दार

अशोकस्तंभापासून गंगापूर रोडला लागले की सकाळच्या वेळी नाना गणवेशांची रीघ दिसते. महापालिकेच्या शाळेत, मिशनच्या शाळेत आणि खाजगी संस्थांच्या शाळांत जाणारी ही बारा-तेरा वर्षांची मुले एकाच शहरात वाढतात. त्यांच्या वाटा वेगळ्या का झाल्या, हे जाणण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

१८५४ साली वुडच्या खलित्याने मिशनरी व खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. त्याच वर्षी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकन मुले तेथे अक्षरांबरोबर सुतारकी-लोहारकीही शिकली. जेकब वेनराइट त्यांपैकीच एक. १८७३ साली डॉ. लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचे पार्थिव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता. शरणपूर आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंचे. तरीही धर्मसंस्थेने शाळा का काढावी, याचे उत्तर आम्हांला तेथेच सापडते. ज्या मुलांना कोणी नव्हते, त्यांच्यासाठी ती शाळा होती.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची आणि माध्यमिक शिक्षण शक्यतो खाजगी प्रयत्नांवर सोडण्याची शिफारस केली. पुढे महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत सार्वजनिक शाळा आणि आठवीपासून खाजगी संस्थांचे अनुदानित हायस्कूल, अशी घडी बसली. म्हणजे मूल बाल्य ओलांडते, नेमक्या त्याच वयात त्याला दुसऱ्याचे दार ठोठावावे लागले.

ते दार उघडण्यासाठीच १९१४ साली नाशिकला उदाजी मराठा बोर्डिंग निघाले. त्यातूनच मराठा विद्या प्रसारक समाजाचा विस्तार झाला. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहून शिकता यावे, हा त्यामागील हेतू होता. त्या काळी 'खाजगी' या शब्दाचा अर्थ लोकवर्गणीतून उभे राहिलेले, असा होता. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर त्याच शब्दाला फीचा अर्थ अधिक चिकटला.

राज्यघटनेने या तिन्ही प्रकारांच्या मर्यादा आखून दिल्या आहेत. पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून त्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद ३० अन्वये अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालविण्याचा हक्क आहे. २००९ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हक्काचे केले आणि खाजगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले.

ही सूट आम्हांला सुखावह वाटते, आणि तेथेच आमची परीक्षा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या ख्रिस्ती शिक्षणविषयक जाहीरनाम्याने कॅथलिक शाळांना गरिबांची, कुटुंबाच्या मायेला पारख्या झालेल्यांची आणि अन्यधर्मीयांची विशेष काळजी घेण्यास सांगितले आहे. कायद्याच्या सक्तीतून आम्ही सुटलो असू, शुभवर्तमानाच्या आज्ञेतून नाही. महापालिकेच्या शाळेतून सातवी उत्तीर्ण झालेली मोलकरणीची मुलगी आमच्या फाटकाशी आली, तर तिला आत घेण्यासाठी आम्हांला कायद्याची वाट पाहावी लागू नये.