हळदीचे दिवस आणि वारकऱ्याचा संसार

वारकरी माउलींनो, प्रपंच हा परमार्थाच्या आड येतो, असे आपण नेहमी ऐकतो आणि बोलतोही. कीर्तनात वैराग्याचे प्रकरण निघाले की घरदार, बायकामुले ही पायातली बेडी ठरते आणि आपण माना डोलावतो. घरी परतल्यावर मात्र त्याच घरात पाण्याचा तांब्या पुढे येतो, चुलीवरची गरम भाकरी ताटात पडते आणि जिवाला बरे वाटते. हे बरे वाटणे म्हणजे आपली उणीव समजायची काय? आपल्या संप्रदायाचे वसंतातले दिवस जरा क्रमाने पाहिले, तर याचे उत्तर सापडते.

वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा, पण त्याची चाहूल माघातच लागते. माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे वसंत पंचमीला, पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो. मंडप सजतो, अक्षता पडतात, मंगलाष्टके होतात. त्या दिवसापासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख असतो आणि त्यावर गुलालाची उधळण होते. माघी एकादशी लग्नानंतर सहाव्या दिवशी येते. म्हणजे माघी वारीला जो पंढरीत पोचतो, त्याला नुकतेच लग्न झालेल्या देवाचे दर्शन घडते. ज्याच्या पायी आपण संसाराचा भार उतरवायला जातो, तोच तेव्हा अंगावर गुलाल घेऊन उभा असतो.

आता फाल्गुन पाहा. वद्य द्वितीयेला तुकाराम बीज आणि वद्य षष्ठीला नाथषष्ठी. दोघेही घरसंसारातले. नाथमहाराजांचे उदाहरण तर फार बोलके आहे. शके १४९३ म्हणजे इ.स. १५७१ मध्ये ते काशीत होते. एकादश स्कंधावरची टीका त्याच मुक्कामात पुढे दोन वर्षांनी पूर्ण झाली, तीच आपली एकनाथी भागवत. ज्ञान-वैराग्याचा एवढा मोठा ग्रंथ हाती असताना नाथांनी मध्येच ‘रुक्मिणी स्वयंवर’ रचले आणि चैत्रात रामनवमीला ते पूर्ण केले. अठरा प्रसंगांचा हा ग्रंथ लग्नाचा आहे. वऱ्हाड, सोहळा, माहेर-सासर, सारे त्यात आले. काशीसारख्या क्षेत्री, संन्याशांच्या आणि पंडितांच्या गर्दीत बसून पैठणच्या एका गृहस्थाने मराठीतून देवाचे लग्न गायले. घरी गिरिजाबाई होत्या. नाथांच्या दारी आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नसे, असे आपण सांगतो, तेव्हा रांधणारे हातही आठवले पाहिजेत. जीव-शिवाच्या ऐक्याचा अर्थ नाथांनी लग्नाच्या कथेतून उलगडला, कारण गावोगावच्या साध्या माणसाला ती भाषा घरातून कळलेली होती.

आणि देवाचा संसार तरी रुसव्याफुगव्यावाचून कुठे झाला? रुक्मिणीमाता रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव मागोमाग आले, ही कथा आपल्याला तोंडपाठ आहे. पंढरीत आजही मातेचे मंदिर वेगळे आहे. देव पंढरीत येण्याची एक कथा पुंडलिकाची, तर दुसरी बायकोची समजूत काढण्याची. आईबापांची सेवा आणि पत्नीची मनधरणी या दोन घरगुती गोष्टींतून आपले पंढरपूर उभे राहिले, हे विसरू नये.

आता आपल्या मुलखात या. सातारा जिल्ह्यातला माण हा पावसाने पाठ फिरवलेला तालुका. तिथे शिखर शिंगणापूरचा डोंगर आहे. भोसले घराण्याचे हे कुलदैवत. मालोजीराजांनी तिथे यात्रेकरूंच्या पाण्यासाठी मोठे तळे बांधले. गाभाऱ्यात शिव आणि शक्ती म्हणून दोन लिंगे आहेत. चैत्र शुद्ध पंचमीला शंभूमहादेवाला हळद लागते आणि अष्टमीला पार्वतीशी लग्न लागते. मग कावडी येतात. सासवडची मानाची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन द्वादशीला मुंगी घाटाची उभी चढण चढते. उन्हाळ्याच्या तोंडाला, जिथे पाणी जिवापाड जपायचे, तिथे लोक खांद्यावरून पाणी वाहून आणतात, ते नवरदेवाला न्हाऊ घालायला. याच सुमाराला पंढरीत चैत्री वारी असते आणि त्या एकादशीला विठ्ठलाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवण्याची प्रथा आहे. एकादशीला पुरणपोळी! महादेवाच्या लग्नाचा आनंद म्हणून ही मोकळीक, असे भाविक सांगतात. हरीच्या घरी हराच्या लग्नाचे गोड जेवण होते. हरि-हर ऐक्य समजावून घ्यायला याहून सोपे काय हवे?

ही हळद येते कुठून? सांगलीकडच्या रानातून. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लागण होते आणि सुमारे नऊ महिने हळद जमिनीत वाढते. पौष-माघापासून काढणी सुरू होते. ओली हळद मोठ्या कढईत शिजवायची, कडक उन्हात वाळवायची, मग घोळून तिला चकाकी आणायची. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे निघतात ते याच दिवसांत. या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवत. २००५ च्या महापुराने त्यांतल्या पुष्कळ पेवांची हानी केली. ज्या हळदीने नवरा-नवरी पिवळी होतात, तिच्यामागे एका जोडप्याचे वर्षभराचे राबणे असते. तो खणतो, ती मोडते, निवडते, दोघे मिळून वाळत घालतात. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्याला संसार कळत नाही, असे म्हणतात ते उगीच नव्हे.

त्याच दिवसांत घरोघरी काय चालते, ते आपण जाणता. शाळूची रास घरात येते. पाडव्याला गुढीपुढे कडुनिंब आणि गूळ एकत्र खायचा, वर्षाचा कडू-गोडपणा एकाच घासात घ्यायचा. नवा माठ दारात बसतो. अंगणात कुरडया-पापड वाळतात आणि आजी काठी घेऊन कावळे राखते. चैत्रगौर झोपाळ्यावर बसते, आंब्याची डाळ आणि पन्हे होते, ओटीत भिजवलेले हरभरे पडतात. अक्षय्य तृतीयेला गौर निरोप घेते, तोवर रानात पुन्हा हळदीच्या लागणीची तयारी असते. रात्री उकडते म्हणून बाज अंगणात येते आणि दिवसभर कामाने न बोललेली नवरा-बायको तिथे दोन शब्द बोलतात. या सुखाला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो एकमेकांचा लळा.

पण माउलींनो, हे सुख सगळ्यांच्या वाट्याला आले नाही, हेही सांगितले पाहिजे. संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत, भजनाला जाते म्हणून नवऱ्याचा मार कसा खाल्ला ते सांगितले आहे. हरिपूरचेच गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले आणि पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख महाराष्ट्रापुढे मांडले. हळद लागली म्हणजे संसार सुखाचा झाला असे नाही. जिथे एकटीनेच सोसायचे असते, त्याला गृहस्थाश्रम म्हणू नये.

आणि जिचा जोडीदार गेला, तिचे काय? चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नसे. सांगलीपासून जवळच असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. पाठोपाठ राज्य शासनाने साऱ्या ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. गावाने हे केले, त्याचे कौतुकच आहे. पण आपल्याला याचा धडा फार आधी मिळालेला आहे. वारीत कपाळी बुक्का लावताना कोणी विचारतो का, की तुझा नवरा आहे की नाही? गळ्यातली माळ सवाशिणीची वेगळी आणि विधवेची वेगळी असते का? फुगडीला हात पुढे केला की समोरचा हात धरतोच. जे वाळवंटात चालते, ते आपल्या उंबऱ्याच्या आत का चालू नये?

वारी या शब्दातच जाणे आणि परत येणे आहे. ज्याला परतायला घर नाही, त्याची वारी कशी होणार? सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखीला शिस्त लावली, म्हणून आज लाखो लोक एका तालात चालतात. ती माणसे आषाढात लोणंद-तरडगाव-फलटणच्या वाटेने जातात, तेव्हा त्यांच्या पोटात या वाटेवरच्या गावांची भाकरी असते. पंढरीची वाट घरातल्या चुलीपाशी सुरू होते आणि तिथेच येऊन मिळते.

म्हणून या चैत्रात एवढे करावे. घरातल्या माणसाशी गोड बोलावे, तिच्या राबण्याला आपला हात लावावा, आणि पन्ह्याचा पेला देताना जिला आजवर बोलावले नाही तिला आधी बोलावावे. संसार टाकून देव भेटतो की नाही, हा वाद मोठ्यांचा. आपल्याला विठ्ठल भेटला तो रखुमाईसह.

रामकृष्ण हरी.