बंगळुरूमधील कार्यालयीन इमारती आणि कार्बन उत्सर्जनातील कपात

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले असून ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत त्याची गणना समशीतोष्ण विभागात होते. वर्षातील बराच काळ येथे खिडकी उघडली तरी काम भागते. असे असूनही माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या विस्ताराबरोबर शहरात काचेच्या बंदिस्त इमारती उभ्या राहिल्या आणि त्या थंड ठेवण्यावर मोठ्या प्रमाणात वीज खर्च होऊ लागली. देशाच्या वीजजाळ्यातून येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळतो.

याच शहरात वेगळा मार्गही दिसून येतो. डोमलूर येथील 'टेरी' या ऊर्जाविषयक संस्थेच्या कार्यालयाची रचना वास्तुविशारद संजय मोहे यांनी केली आहे. या इमारतीच्या दक्षिणेस दुर्गंधीयुक्त नाला असल्याने ती बाजू बंद ठेवून तेथे काळ्या कडप्पा दगडाची दुहेरी भिंत उभारण्यात आली. उन्हाने तापलेल्या भिंतीलगतची हवा वर चढते आणि उत्तरेकडून ताजी हवा आत ओढली जाते. यंत्रे बसविण्यापूर्वी इमारतीची दिशा ठरविणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय, मात्र बांधून झालेल्या इमारतींना त्याचा लाभ मिळत नाही.

अशा इमारतींसाठी स्वयंचलित नियंत्रण प्रणाली उपयोगी ठरते. माणसांची उपस्थिती, तापमान आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण संवेदकांद्वारे मोजून दिवे, पंखे व शीतयंत्रे गरजेपुरतीच चालविली जातात. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे वेग २० टक्क्यांनी कमी केल्यास विजेची गरज जवळपास निम्म्यावर येते. केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या व १९८३ पासून बंगळुरूत मुख्यालय असलेल्या इन्फोसिस कंपनीने याबाबत केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे. हैदराबादजवळील पोचारम येथे तिने एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीचे, पण सुधारित वातानुकूलन ठेवण्यात आले. दुसऱ्या भागात छताच्या काँक्रीटमध्ये नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी खेळविण्यात आले. या दुसऱ्या भागात शीतकरणासाठी सुमारे एकतृतीयांश कमी वीज लागली. पाणी फार थंड झाल्यास छतावर दव धरते, म्हणून हवेतील आर्द्रतेवर सतत लक्ष ठेवावे लागते. म्हणजेच येथे नियंत्रण प्रणाली ही चैन नसून गरज आहे.

वीज कितीही वाचविली तरी उरलेली कोठून आणावयाची, हा प्रश्न राहतोच. बहुमजली इमारतीच्या गच्चीवरील सौर पट्ट्या तिच्या गरजेचा अल्प भागच पुरवू शकतात. त्यामुळे मोठ्या कंपन्या शहराबाहेरील प्रकल्पांकडे वळल्या. तुमकूरु जिल्ह्यातील पावगड येथे शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या सुमारे १३,००० एकर जमिनीवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळीत चालणाऱ्या कार्यालयांना मात्र सौरऊर्जा पुरेशी पडत नाही. पावसाळ्यात जोर धरणारी पवनऊर्जा ही उणीव काही अंशी भरून काढते. २०२२ च्या केंद्रीय नियमांन्वये थेट हरित वीज खरेदीची किमान मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणण्यात आली. त्यामुळे मध्यम आकाराच्या कार्यालयांनाही हा मार्ग खुला झाला.

इन्फोसिसने २०२० मध्ये कार्बन-तटस्थता साधल्याचे जाहीर केले. तथापि त्यात अक्षय ऊर्जेबरोबरच ग्रामीण भागातील बायोगॅस आणि सुधारित चुलींच्या प्रकल्पांतून केलेल्या भरपाईचाही वाटा आहे. भरपाई म्हणजे प्रत्यक्ष कपात नव्हे, हा भेद अशा घोषणा वाचताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

स्वतःच्या आवारात कंपनी हवे ते बदल करू शकते. भाड्याच्या कार्यालयांत मात्र यंत्रणेचा खर्च जागामालकाने करावयाचा आणि वीजबिलातील बचत भाडेकरूला मिळावयाची, अशी स्थिती असते. बचतीची वाटणी भाडेकरारातच लिहून घेतल्यास ही अडचण दूर होऊ शकते. २००७ मध्ये लागू झालेल्या इमारत संहितेचा भर प्रामुख्याने नव्या बांधकामावर असल्याने जुन्या इमारतींचे सुधारकार्य बहुतांशी अशा करारांवरच अवलंबून आहे.