सिस्टरचा ताप

आमच्या लोणी काळभोरच्या बचत गटातल्या एका ताईंची लेक पुण्यात एका रुग्णालयात सिस्टर आहे. मागच्या पावसाळ्यात तिने अंगात ताप असताना रात्रपाळी केली, कारण बदलीला कुणीच नव्हतं. बैठकीत हे ऐकलं आणि आम्ही सगळ्याजणी म्हणालो, "वाघीण आहे पोर!" ताई मात्र गप्प होत्या.

त्या गप्प बसण्याने आम्हाला विचारात पाडलं.

आपल्या सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघालं की हडपसर लागतं. १८९७ च्या प्लेगमध्ये तिथे ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन आणलं, असं सांगतात. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. वय ६६. प्लेगची लस मुंबईत हाफकिन यांनी नुकतीच, त्याच जानेवारीत, स्वतःला टोचून पाहिली होती. सावित्रीबाईंच्या जागी उभं राहायला दुसरं होतं कोण?

पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथून विधवा बायकाही परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. परक्या रुग्णाला हात लावणं तेव्हा कमीपणाचं मानत. अशा बायकांना रजा मागतानाही भीती वाटली असेल, "बायकांना झेपत नाही" असं कुणी म्हणेल म्हणून. ती भीती अजून गेलेली नाही, असं आम्हाला वाटतं.

९ मार्च २०२० ला पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. सावित्रीबाईंना जाऊन १२३ वर्षं होत होती. त्या साथीने एक गोष्ट सगळ्यांना शिकवली: ताप आलेली सिस्टर खाटेजवळ उभी राहिली, तर तिच्याबरोबर रुग्णालाही धोका.

म्हणून आजारपणाची रजा म्हणजे कामचुकारपणा नव्हे. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या नियमांत बसणाऱ्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. तुमच्या लेकीसुनेच्या पगारातून ही वर्गणी कापली जाते का, हे जरूर विचारा.

सावित्रीबाईंना आम्ही हात जोडतोच. पण त्यांचं नाव सांगून कुणी तापातल्या पोरीला कामावर उभं करत असेल, तर बदलीची सिस्टर कुठे आहे, हेही विचारू या. पुढच्या बैठकीत ताईंना आम्ही तेच म्हणालो. तेव्हा कुठे त्या बोलू लागल्या.