हरवलेला चेंडू

उन्हाळ्याच्या सुटीतली गोष्ट आहे. धान आणि लाखोरी निघून गेल्यामुळे बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि गावच्या बोडीजवळ आमचा विटीदांडूचा डाव रंगला होता. माझ्या एका सोबत्याने असा टोला हाणला, की विटी पाळीखालच्या बेशरमाच्या झुडपात दिसेनाशी झाली. सगळ्यांनी शोधली. सापडेना. तो म्हणाला, "टोला सगळ्यांनी पाहिला ना? मग माझं अंतर मोजून द्या." आम्ही म्हणालो, "विटी दाखव, नाहीतर तुझा डाव गेला बे!" आम्ही संख्येने जास्त होतो, म्हणून आमचे खरे ठरले. तो दांडू टाकून घरी निघून गेला.

पुढे इतिहास शिकवू लागल्यावर कळले, की बोडीकाठच्या या भांडणासारख्याच प्रश्नावर दूरच्या एका देशात पावणेतीनशेहून अधिक वर्षे विचार चालला आहे. तो खेळ म्हणजे गोल्फ. आपल्या भागात तो फारसा कोणी खेळत नाही, म्हणून आधी दोन शब्दांत सांगतो. मोठ्या हिरव्या रानात ठरावीक अंतरांवर भोके असतात. लहानसा टणक चेंडू काठीने मारीत एकेका भोकात घालायचा. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला. चेंडू कधी कधी दोन-अडीचशे पावले उडतो, आणि वाटेत गवत असते, झाडी असते. चेंडू हरवणारच. मग पुढे काय?

स्कॉटलंडात एडिंबरो शहराजवळ लीथ नावाचे गाव होते. तेथे १७४४ साली एक स्पर्धा भरली. शहराच्या नगरसभेने बक्षिसासाठी चांदीची काठी दिली होती. जॉन रॅट्रे नावाच्या शल्यवैद्याने ती जिंकली. त्या निमित्ताने खेळाडूंनी १३ कलमे लिहून काढली. गोल्फचे लिखित नियम म्हणून आज जे उपलब्ध आहेत, त्यांत हे सर्वांत जुने. पुढे १७५४ मध्ये सेंट अँड्र्यूज येथील मंडळींनी तेच नियम जवळजवळ जसेच्या तसे उचलले.

त्या तेरांतले आठवे कलम हरवलेल्या चेंडूचे आहे. त्याचा आशय असा: चेंडू कोणी उचलून नेला असो वा दुसऱ्या कोणत्याही कारणाने हरवला असो, शेवटचा फटका जेथून मारला तेथे परत जा, दुसरा चेंडू टाका आणि प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्या. गंमत अशी, की त्यांनी चेंडू हरवण्याला गुन्हा म्हटले नाही, दुर्दैव म्हटले. पण ते दुर्दैव ज्याचे त्यानेच भोगायचे. अंतरही गेले आणि वर एक फटकाही गेला.

त्या काळी चेंडू हरवणे खिशालाही जड जाई. कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून तो शिवायचा, आणि एका कारागिराच्या हातून दिवसाकाठी मोजकेच चेंडू होत. १८४८ च्या सुमारास मलायातील गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून चेंडू होऊ लागले आणि ते स्वस्त झाले. पण म्हणून नियम सैल झाला नाही. १८९९ च्या सेंट अँड्र्यूजच्या संहितेत, समोरासमोरच्या सामन्यात ज्याचा चेंडू हरवला तो ते भोकच हरला, असे होते. दोघांचेही हरवले तर बरोबरी. आमच्या बोडीकाठचा "डाव गेला" हा न्याय तेथेही काही काळ चालला, असे म्हणायला हरकत नाही. पुढे तो सोडून देण्यात आला. अमेरिकेतील संघटनेने १९६० साली दंडाचा फटका वगळून नुसते अंतराचे नुकसान ठेवून पाहिले. पण पुढच्याच वर्षी जुना नियम परत आला. आज मूळ नियम १७४४ चाच आहे: फटकाही जातो, अंतरही जाते.

पण एक अडचण राहतेच. चेंडू शोधत पुढे गेलात, सापडला नाही, आणि मग दोनशे पावले मागे परत जायचे, तर मागून खेळत येणारी मंडळी किती वेळ खोळंबणार? या अडचणीतून हंगामी चेंडूची तोड निघाली. चेंडू हरवला असावा अशी शंका आली, की शोधायला निघण्यापूर्वी त्याच जागेवरून आणखी एक चेंडू मारून ठेवायचा. मात्र मारण्याआधी तो हंगामी असल्याचे स्पष्ट सांगितले पाहिजे. न सांगता मारला, तर तोच खरा चेंडू ठरतो आणि दंड लागू होतो. मग शोध सुरू झाल्यापासून ठरावीक वेळात पहिला चेंडू सापडला, तर त्यानेच खेळायचे. हंगामी चेंडू चांगल्या जागी पडला असला तरी सोडायचा. सापडला नाही, तर हंगामी चेंडू खरा होतो आणि त्याचा पहिला फटका तिसरा धरला जातो. शोधाचा वेळ पूर्वी ५ मिनिटे होता. २०१९ पासून तो ३ मिनिटे केला आहे. एकाच्या दुर्दैवासाठी इतरांनी किती थांबावे, याचे हे माप.

इंग्रजांबरोबर हा खेळ आपल्या देशात आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. येथे चेंडूवर नजर ठेवण्यासाठी पुढे माणसे उभी करण्याची चाल पडली. त्यांना 'आगेवाला' म्हणतात. साहेबाचा चेंडू कोठे पडला, हे त्याच्या आधी आगेवाल्याला ठाऊक असते.

पण आगेवाला सगळीकडे नसतो. झाडीत शिरलेल्या खेळाडूला कोण पाहतो? खिशातला दुसरा चेंडू हळूच टाकून "सापडला!" म्हणणे सोपे आहे. म्हणून चेंडूवर आपली खूण करून ठेवावी, असे नियम सांगतो, कारण सापडलेला चेंडू आपलाच आहे हे ओळखता आले नाही, तर तो हरवलाच समजतात. तरीही शेवटी भिस्त खेळाडूच्या खरेपणावरच असते. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू किंचित हलला. त्यांनी स्वतःच सांगून एक फटका दंड घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि फेरसामन्यात ते हरले.

आणखी एक बदल सांगून संपवतो. १७४४ च्या कलमाप्रमाणे चेंडू कोणी उचलून नेला तरी भुर्दंड खेळाडूलाच होता. आज तसे नाही. बाहेरच्या कोणी तो नेला हे नक्की, किंवा जवळजवळ नक्की असेल, तर दंड न घेता त्या जागी दुसरा चेंडू ठेवता येतो. दुसऱ्याच्या करणीची शिक्षा खेळाडूला नको, एवढे शहाणपण या नियमाला पुढे आले.

हे वाचताना मला आमची बोडी आठवली. श्रोते हो, ती विटी हरवली नव्हती. ती माझ्या पायाखाली चिखलात होती. सोबत्याचा डाव जावा म्हणून मी तीवर पाय देऊन उभा होतो, आणि इतरांबरोबर शोधण्याचे सोंगही करीत होतो. कोणताही नियम माझ्या पायाखाली पाहू शकला नसता. मला पाय उचलायचा होता, तेवढेच. तो उचलला नाही.

शाळेतल्या माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना म्हणूनच एक विनंती आहे. मैदानावर पोरे भांडू लागली, की आपण शिटी वाजवून निकाल देतो. कधीतरी निकाल न देता त्यांनाच विचारावे: विटी हरवली तर काय करायचे, ते तुम्हीच ठरवा, आणि डाव सुरू होण्यापूर्वी ठरवा. आणि ठरवून झाले, की हेही सांगावे, की नियमाची नजर जेथे पोचत नाही, तेथे ज्याला ठाऊक आहे त्याने बोलायचे असते. मी चाळीस वर्षांनी बोललो. त्यांनी त्याच दिवशी बोलावे.